यादीत बीकन आहे, बघणे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी डोंगरभटकंतीवर आलेला लेख वाचला. बर्फातल्या चालीवर मराठीत एवढे ऐसपैस पान क्वचितच मिळते, त्यामुळे आधी आनंद झाला. छायाचित्रे उत्तम आहेत. सोबतच्या चौकटीत सामानाची यादी होती: बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारे, अंगावर बांधायचे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडे, एअरबॅग (स्खलनात फुगवायची पाठीवरची पिशवी), सॅटेलाइट फोन. यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. पहिल्या तीन वस्तू तर गटातल्या प्रत्येकाकडे असल्याच पाहिजेत. पण अख्ख्या पानात बर्फाकडे बघावे कसे, यावर एक ओळ नाही. आणि लेखात एक वाक्य असे आहे की ते वाचून मी पत्र लिहायला बसले. त्या दिवशी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पाचपैकी तीन होती, म्हणजे मध्यम, म्हणून गट निर्धास्तपणे निघाला, असा त्याचा आशय.

माझ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे मी कुठल्या अधिकाराने बोलते आहे हे कळेल. मी पेशाने भू-तंत्र अभियंता. मातीचे भराव, रस्त्यासाठी कापलेल्या दरडी हे उभे राहतील की घसरतील, हे तपासणे हे माझे रोजचे काम. बर्फाकडे वळले ती हौसेपोटी. स्की लावून डोंगर चढायला शिकले, हिमस्खलनाचा रीतसर अभ्यासक्रम केला आणि तेव्हापासून हिवाळ्यात वही बाळगते. प्रश्न दोन्हीकडे तोच आहे: वरचा भार आणि आतल्या कच्च्या थराची ताकद यांत कोण जिंकते. फरक इतकाच की मातीचा अहवाल वर्षभर टिकतो, बर्फाचा दुपारपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

आधी सामानाविषयी. बीकन, प्रोब आणि फावडे ही माणूस गाडला गेल्यानंतरची अवजारे आहेत. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येते. मारते ती बहुतेक वेळा थंडी नव्हे, गुदमरणे मारते. वाहता बर्फ थांबला की असा आवळतो की आतल्या माणसाला हातसुद्धा हलवता येत नाही, आणि मीटरभर खोलीवरच्या माणसापर्यंत पोहोचायला टनभराहून जास्त बर्फ उपसावा लागू शकतो. शिवाय कॅनडातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा सुमारे चौथा हिस्सा माणसे झाडाखडकांवर आपटून गेलेली आढळली. त्यांना बीकनचा काय उपयोग? एअरबॅग माणसाला वरच्या बाजूला राहायला मदत करते, वाटेतला कडा हटवत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. भटके सापडतात त्या जीवघेण्या स्खलनांपैकी दहांत नऊ ठिकाणी बर्फ सुटतो तो त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजे कुठे पाऊल टाकायचे हे ठरवताना डोळे उघडे असतील, तर बरेचसे अपघात होण्याआधीच टळतात.

आता त्या 'पाचपैकी तीन'विषयी. युरोपातल्या देशांनी १९९३ मध्ये धोक्याची पाच पातळ्यांची सामाईक मोजपट्टी स्वीकारली, आणि थोड्याफार फरकाने तीच आज बहुतेक ठिकाणी चालते. तीन हा आकडा मधोमध दिसतो म्हणून लोक त्याला शाळेतल्या गुणांसारखे वाचतात. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एकेक पायरी चढताना धोका काही पटींनी वाढतो. पातळी तीनची व्याख्या काढून वाचा: तीव्र उतारावर एकट्यादुकट्या माणसाच्या वजनानेही बर्फ सुटू शकतो, असे तिथे सरळ लिहिलेले असते. दाव्होसच्या एसएलएफ या हिम-संशोधन संस्थेचे आकडे सांगतात की स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्याच्या साधारण तीस टक्के दिवशी पातळी तीन असते, आणि हिमस्खलनातले जवळपास निम्मे मृत्यू याच दिवसांत होतात.

यात गूढ काही नाही. पातळी पाचच्या दिवशी डोंगरात सहसा कोणी नसतेच. त्या दिवशी बर्फ गावात येतो, जसा २३ फेब्रुवारी १९९९ ला ऑस्ट्रियातल्या गाल्ट्युअरमध्ये आला आणि ३१ माणसे गेली. पातळी एकच्या दिवशी बर्फ सहसा सुटत नाही. तीनच्या दिवशी मात्र आभाळ निवळलेले असते, नवा बर्फ छान पडलेला असतो, सुट्टी असते, आणि वरवर भीती वाटावी असे काहीच दिसत नाही. स्विस मंडळींनी २०२२ च्या हिवाळ्यापासून आकड्यापुढे अधिक, बरोबर आणि वजा अशी चिन्हे द्यायला सुरुवात केली, कारण तीन आणि तीन यांतही अंतर असते. तरीही तो आकडा शेकडो चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठीचा असतो. तुमच्या समोरच्या घळीसाठीचा नसतो.

खरा उपयोगाचा असतो तो आकड्याखालचा मजकूर. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, आणि अडचण नेमकी कोणती: नवा बर्फ, वाऱ्याने लोटलेला बर्फ, खोलवर टिकून राहिलेला कच्चा थर, ओला बर्फ की जमिनीवरून सरकणारा बर्फ. या पाचांपैकी प्रत्येकासाठी वागण्याची रीत वेगळी. नवा बर्फ एकदोन दिवसांत पुष्कळदा बसतो, तेवढे थांबले की झाले. ओल्या बर्फासाठी घड्याळ बघायचे, पहाटे निघून ऊन तापण्याआधी उतरायचे. खोलवरचा कच्चा थर मात्र कित्येक आठवडे दबा धरून बसतो, आणि त्यावर एकच उपाय: तीव्र उतार सोडून देणे.

तीव्र म्हणजे किती, हे डोळ्याने ठरवू नका. भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. स्लॅब, म्हणजे कच्च्या थरावर बसलेले बर्फाचे घट्ट, अखंड थर, सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, सर्वांत जास्त ३८ च्या आगेमागे. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडता पडता झडतो. घरबसल्या नकाशावर काम करता येते: १:२५,००० च्या नकाशावर २० मीटरच्या समोच्च रेषा असतील, तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांत साधारण १.४ मिलिमीटर अंतर पडते, ४० अंशांवर १ मिलिमीटरला थोडे कमी. रेषा १.४ मिलिमीटरहून दाट दिसल्या की पेन्सिलीने खूण करायची. पण दोन रेषांच्या मध्ये लपलेला दहा-पंधरा मीटरचा उभा टप्पा नकाशा दाखवत नाही, म्हणून जागेवर उतारमापक लावायचाच. आणि आपण सपाटीवर आहोत म्हणून सुटलो असेही नाही. डोक्यावर काय टांगले आहे ते बघावे लागते.

थोडे सविस्तर लिहावे असा भाग पुढे आहे. पत्र कापायचे असेल तर हा परिच्छेद ठेवून बाकी कुठूनही कापा.

सर्वसाधारण समज असा की हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी पडला तर धोका कमी. उलट आहे. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार राहते, बाहेरची हवा मात्र गोठवणारी. समजा पृष्ठभागाचे तापमान उणे १५ आहे. बर्फाचा थर २ मीटरचा असेल तर तळ आणि माथा यांच्यातला हा १५ अंशांचा फरक दोन मीटरभर पसरतो, म्हणजे दर १० सेंटिमीटरला पाऊण अंश. तोच थर ६० सेंटिमीटरचा असेल तर दर १० सेंटिमीटरला अडीच अंश. बर्फाच्या शास्त्रात १० सेंटिमीटरला १ अंश ही ढोबळ सीमारेषा मानतात. तिच्या खाली कण गोलसर होत एकमेकांना चिकटतात, थर घट्ट होतो. तिच्या वर गेले की वाफ खालून वर धावते, कणांमधले सांधे खाते आणि कोरीव कडांचे, सुटे कण घडवते. मुठीत घेतले तर साखरेसारखे बोटांतून ओघळतात, दाबून गोळा होत नाही. थंडी लांबली तर तळाशी हे कण चांगले मोठे, पेल्यासारख्या घडणीचे आणि अंगावर रेघा असलेले होतात. म्हणजे डिसेंबरातल्या पातळ बर्फाने तळ पोखरून ठेवलेला असतो आणि जानेवारीत त्यावर जड बर्फ येऊन बसतो. त्यानंतर लोक म्हणतात, यंदा बर्फ उशिरा का होईना पण झकास पडला!

कच्चा थर घडण्याची दुसरी तऱ्हा दिसायला फार सुंदर असते. निरभ्र, निवांत, दमट रात्र असली की सकाळी बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चकचकीत स्फटिक उभे दिसतात. छायाचित्रकार त्यांच्यामागे धावतात. त्यांच्यापासून तेव्हा काहीच धोका नसतो. ते वाऱ्याने मोडण्याआधी किंवा उन्हाने विरघळण्याआधी त्यांच्यावर पुढचा बर्फ पडला, की गाडला गेलेला तो अर्धा सेंटिमीटर महिनाभरसुद्धा त्रास देऊ शकतो. म्हणून अशी सकाळ दिसली की वहीत तारीख, उंची आणि उताराची दिशा लिहायची. पंधरा दिवसांनी थर तपासायला खड्डा खणताना काय शोधायचे हे त्याच नोंदीवरून कळते.

वाऱ्याकडे तर लोक लक्षच देत नाहीत. पाऊस किंवा बर्फ पडला तरच हवामान बिघडले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आकाश निळे असतानाही वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे आडोशाला टाकत असतो, आणि हे काम तो पडणाऱ्या बर्फाच्या दसपट वेगाने करू शकतो. साधा हिशेब करून बघा. शांत हवेत पडलेला ३० सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ, घनमीटरला १०० किलोच्या हिशेबाने, चौरस मीटरवर ३० किलो भार टाकतो. चाळीस बाय पन्नास मीटरच्या छोट्याशा उतारावर ते झाले ६० टन. वाऱ्याने आदळून बारीक केलेला बर्फ जास्त घट्ट, २५० किलोचा धरू. त्याचा मीटरभर थर आडोशाला साठला तर चौरस मीटरला २५० किलो. बर्फाचा एकही कण आकाशातून न पडता!

त्याच्या खुणा दिसतात. धारेवरून धुरासारखा उडणारा बर्फ. एका बाजूला बाहेर आलेला सज्जा, ज्याला सगळे कॉर्निस म्हणतात. तो ज्या बाजूला लोंबतो त्याच बाजूच्या उतारावर माल साठलेला आहे असे समजावे. वाऱ्याच्या बाजूला खवल्याखवल्यांचा खरवडलेला पृष्ठभाग, आडोशाला फुगीर, गुळगुळीत उशा. अशा उशीवर काठी टेकवली की पोकळ आवाज येतो. तिथून मागे फिरायचे.

बर्फ आवाजही करतो. एकदा आम्ही झाडीच्या वरच्या मोकळ्या कुरणावरून चाललो होतो, उतार दहा अंशसुद्धा नव्हता. पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज झाला, सगळा पृष्ठभाग बोटभर खाली बसला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक तडा सरसर पुढे पळत गेला. वीसेक मीटरवरच्या एका लहान झुडपावरचा बर्फ झडला, तेव्हा कळले की आतला थर तिथपर्यंत कोसळला आहे. नव्याने आलेल्या सोबत्याला वाटले बर्फ बसला, आता पक्का झाला. थराचे हे कोसळणे सपाटीवरून वर पसरत जाऊन डोक्यावरच्या उतारावरचा बर्फ सोडवू शकते, हे त्याला तिथेच उभे राहून नव्हे, तर शंभर पावले मागे आणल्यावर समजावले.

ताजी स्खलने, धप्प आवाज, पळणारे तडे, चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या घरात नवा बर्फ, जोराचा वारा, एकदम चढलेले तापमान किंवा बर्फावर पाऊस: यांतले काहीही दिसले तर खड्डा खणायची गरजच नसते. उत्तर मिळालेले असते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नवशिक्यांना खड्ड्याचे फार आकर्षण. समोरच्या उतारावर कालचे ताजे स्खलन पसरलेले असताना लोक भिंग काढून कण तपासताना मी पाहिले आहेत.

खड्डा कामाचा असतो तो खुणा गप्प असतात तेव्हा. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याबरोबर असाच एक खणला. जायचे होते त्या उताराच्याच दिशेला आणि उंचीला, पण लहान आणि खाली मोकळी सपाटी असलेली जागा निवडली. झाडावरून पडलेला बर्फ नको, जुने माग नकोत. प्रोबने आधी खोली चाचपली. "मावशी, एवढ्या वेळात वर पोहोचलो असतो," असे त्याने दोनदा ऐकवले. सावलीकडची भिंत सरळ तासली आणि रंगाच्या मऊ ब्रशने हलकेच झाडली. ब्रश फिरला की घट्ट थर पुढे येतात, कच्चे आत जातात, आणि भिंतीवर हिवाळ्याचा इतिहास आडव्या रेघांत उमटतो. मग हाताने कठीणपणा बघायचा: मूठ आत जाते, की चार बोटे, की एक बोट, की पेन्सिल, की फक्त सुरी. मातीच्या खड्ड्यात आम्ही अंगठा दाबून हेच करतो, त्यामुळे हा भाग मला घरचा वाटतो. वरचा अर्धा मीटर एका बोटाचा निघाला. त्याखाली, ५५ सेंटिमीटरवर, माझी अख्खी मूठ मनगटापर्यंत गेली. कार्डावर कण घेतले तर दोन मिलिमीटरचे, कोरीव कडांचे.

मग रॉन सिमेनहॉइस आणि कार्ल बर्कलँड या हिमस्खलन-अभ्यासकांनी घडवलेली चाचणी केली, जी आज जगभर ईसीटी (एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट) या नावाने चालते. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा मागून-बाजूंनी दोरीने कापून मोकळा करायचा, एका टोकावर फावड्याचे पाते ठेवायचे, आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा ठोके. किती ठोक्यांनी तडा गेला याहून महत्त्वाचे हे की तो एका टोकाशी थांबला की पलीकडच्या टोकापर्यंत धावला. आमचा तेराव्या ठोक्याला गेला आणि एका दमात पूर्ण नव्वद सेंटिमीटर धावला. वरचा ठोकळा अखंड सरकून भाच्याच्या मांडीवर आला. त्यानंतर वेळेविषयी तो काही बोलला नाही. आम्ही पंचवीस अंशांच्या आतल्या सोंडेवरून गेलो आणि तिथूनच परतलो.

तो मोठा उतार त्या दिवशी सुटला नाही. आमच्या जागी दुसरे कोणी त्यावरून गेले असते तरी कदाचित सुटला नसता. निरीक्षणाचे हे अवघड दुखणे आहे: दहा वेळा चुकीचा निर्णय घेऊनही माणूस हसत घरी येतो आणि स्वतःला जाणकार समजू लागतो. म्हणून खड्ड्याचा निकालही एकाच बाजूने वापरावा. वाईट निघाला तर ऐकायचे. चांगला निघाला तर 'इथे, या एका चौरस मीटरवर, मला काही सापडले नाही' एवढाच त्याचा अर्थ. वीस पावलांवर बर्फ पातळ असेल आणि तिथे तुमच्या पायाचा दाब कच्च्या थरापर्यंत सहज पोहोचेल. माणसाचा भार साधारण मीटरभराच्या आतच जाणवतो, त्यामुळे जाड स्लॅबच्या मध्यभागी काही न होता पार झालेला माणूस कडेला, खडक डोकावतो त्या पातळ जागी स्लॅब सोडवतो. आणि आपण आसरा म्हणून नेमके त्या खडकाकडेच वळतो.

माणसांच्या वागण्याविषयी थोडक्यात. इयान मॅकॅमन या हिमस्खलन-अभ्यासकांनी अमेरिकेतले सातशेहून अधिक अपघात तपासले. त्यांत खुणा स्पष्ट असतानाही माणसे पुढे गेलेली पुष्कळ वेळा दिसली. ओळखीची वाट, आधी गेलेल्यांचे माग, गटात एखादा अनुभवी म्हणून बाकीच्यांचे मौन, ठरवलेला बेत तडीस नेण्याची ईर्ष्या ही त्यामागची कारणे. आपल्याकडच्या गटांत गाईडला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानतात. निघण्याआधीच ठरवून टाकावे की गटातल्या सर्वांत नवख्याने 'नको' म्हटले तरी फिरायचे, आणि कारण खाली येऊन विचारायचे. धोक्याच्या पट्ट्यातून एकेकाने जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. एवढे पाळले तरी गाडल्या जाणाऱ्यांची संख्या कमी होते आणि शोधणारे शिल्लक राहतात.

आता आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या.

हिमस्खलनाची बातमी देताना मृतांचा आकडा आणि शिखराची उंची यांबरोबर शक्य तेव्हा उताराची दिशा, कोन, आधीच्या आठवड्यातला बर्फ-वारा आणि त्या दिवशीचा इशारा हेही द्यावे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी गेले, ती बातमी अनेकांच्या लक्षात असेल. मी वाचलेल्या वृत्तांत शिखराची ५,६७० मीटर उंची होती, बचावकार्याचे तपशील होते. बर्फ कसा होता, हे शोधावे लागत होते. रस्ता-अपघाताच्या बातमीत वळण, वेग आणि पाऊस येतो, तसा इथे बर्फ यावा. बातमीतून वाचकाला पुढच्या वेळी काय बघायचे ते कळेल.

दुसरी मागणी वाचकांकडे आपल्यामार्फत. डोंगरातून परत आलेल्यांनी नोंदी पाठवाव्यात. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २०० प्रशिक्षित निरीक्षक रोज सकाळी बर्फ मोजून कळवतात, आणि एसएलएफचे इशारापत्रक १९४५ पासून अशा नोंदींवर उभे आहे. कॅनडात हिमस्खलन संस्थेच्या संकेतस्थळावर कोणीही भटका आपले निरीक्षण टाकू शकतो आणि इशारे लिहिणारे ते वाचतात. हिमालयासाठी इशारे देण्याचे काम चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था करते. तिच्या आधीची मनालीची संस्था १९६९ पासून या कामात होती. पर्वतरांगेच्या विस्तारापुढे मोजमापाची ठिकाणे कितीही असली तरी अपुरीच. जिथे नोंद पाठवायची अधिकृत सोय नसेल, तिथे निदान पुढच्या गटाला, तळावरच्या माणसाला, स्थानिक गाईडला ती वाचून दाखवता येते.

नोंद म्हणजे निबंध नव्हे. माझ्या वहीतली एक जशीच्या तशी देते: 'सकाळी ९.४०. ईशान्य उतार, उंची ३,४००, कोन ३३, मोजलेला. रात्रीचा नवा बर्फ २२ सेंमी, पाटीवर. वारा नैर्ऋत्येचा, धारेवरून बर्फ उडतोय. तडे नाहीत. आवाज नाही. समोरच्या उत्तर उतारावर स्खलन, बहुधा कालचे, फुटीची उंची अंदाजे ४० सेंमी, लांबून पाहिले.' 'पाटी' म्हणजे नवा बर्फ मोजायला ठेवलेली फळी, 'फूट' म्हणजे स्लॅब तुटला तिथली वरची उभी कड. यात 'मोजलेला' आणि 'अंदाजे' वेगळे लिहिले आहे ते मुद्दाम. डोळ्याचा अंदाज मोजमाप म्हणून पुढे गेला की इशारा लिहिणाऱ्याची फसगत होते. आणि 'तडे नाहीत' हेही लिहायचेच. लोक फक्त भीतीदायक गोष्टी कळवतात, त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही की बाकीच्या उतारांवर काही नव्हते की तिकडे कोणी फिरकलेच नव्हते. फुटीचे छायाचित्र काढले तर शेजारी मापाला स्कीची काठी असावी, पण त्या काठीसाठी फुटीखाली जाऊ नये. लांबून झूम करून काढलेले आणि खाली दिशा लिहिलेले छायाचित्र पुरते.

आपली नम्र,
एक वाचक, भू-तंत्र अभियंता